मागच्या फाटकाने गेलेले मतदार

नागपूरला माझी ओळख करून देताना माझा धाकटा भाऊ सांगायचा, "ही माझी ताई, इंग्लंडमध्ये एजंट आहे." ऐकणारा माणूस लगेच सावध व्हायचा. आता ही बाई विमा उतरवायला लावणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. एका लग्नात तर एका गृहस्थांनी मी काही बोलायच्या आतच सांगून टाकलं, "आमच्या आधीच दोन पॉलिस्या आहेत हो." मी म्हटलं, "काका, मी पॉलिसी नाही विकत. मी मतं गोळा करते." त्यावर ते आणखीच घाबरले आणि श्रीखंडाची वाटी घेऊन पलीकडच्या पंगतीत जाऊन बसले.

म्हणून आधी हा धंदा काय आहे ते सांगते. इंग्लंडमध्ये निवडणुकीला उभं राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक एजंट लागतो, आणि तो कायद्यानेच लागतो. उमेदवाराने किती खर्च केला, पत्रकावर काय छापलं, कोणता कागद कधी भरला, या सगळ्याला जबाबदार एजंट. उमेदवार हसतो, हात मिळवतो, कुणाच्या तरी कुत्र्याला थोपटतो आणि फोटो काढून घेतो. बाकीचं सगळं एजंट करतो, आणि काही चुकलं तर कोर्टात उमेदवाराच्या आधी एजंटचं नाव पुकारलं जातं. पक्षाचे पगारी एजंट तेव्हाही थोडेच होते. त्यांत साडी नेसून आलेली मी एकटी, आणि ती साडीसुद्धा फक्त पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, दारातल्या टपालाच्या फटीतून पत्रकं सरकवायची होती, आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी पँटमध्येच काम केलं.

माझे यजमान नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. त्यांच्या ड्यूट्या अशा की घरी मी आणि भिंती. शेजारणीबरोबर एकदा पक्षाच्या ऑफिसात पाकिटं चिकटवायला गेले ती तिथेच चिकटले. आम्ही राहायचो तो बरो, म्हणजे आपल्याकडची नगरपालिका म्हणा, नॉटिंगहॅमहून बसने जाण्याच्या अंतरावर. त्याचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथेच राहतात. पक्षाचं नावही सांगत नाही. ज्यांना इथलं राजकारण माहीत आहे ते ओळखायचं ते ओळखतील, आणि बहुतेक चुकीचं ओळखतील. एवढं सांगते की महायुद्ध संपल्यापासून त्या बरोत आमच्याच पक्षाची सत्ता होती. खाणकामगारांच्या वस्त्या, विणकामाच्या गिरण्या आणि पुढे त्या बंद पडल्यावर राहिलेली त्यांची म्हातारी माणसं. तिथे आमच्या पक्षाला मत देणं हे रविवारी भाजलेलं मांस खाण्याइतकं नेमाचं होतं.

माझ्या नावाचं त्यांनी पहिल्याच आठवड्यात शीला करून टाकलं. त्यांच्या कानाला शैला म्हणजे शीलाच. त्यामुळे फोनवर मी अगदी घरची. दार उघडल्यावर मात्र समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, शीला कुठे आहे म्हणून.

दारं वाजवणं हा आमच्या धंद्याचा गाभा. त्यात खूप वर्षं गेली की माणूस दारावरून घर ओळखायला लागतो. एक गृहस्थ दरवेळी टॉवेल गुंडाळूनच दार उघडायचे, कुठल्याही वेळी जा. एक बाई मला दारात उभं करून आपल्या कुंपणाची तक्रार अथपासून इतिपर्यंत सांगायची आणि मग म्हणायची, मी कधीच मतदान करत नाही. पत्रक आत ढकलताना दारामागचा कुत्रा बोटं पकडतो, म्हणून आमच्या प्रत्येकीच्या पिशवीत एक लाकडी उलथनं असायचं. पत्रक त्याच्यावर ठेवायचं आणि उलथनं आत सारायचं. माझं उलथनं नागपूरच्या इतवारीतलं होतं, आणि त्यावर निदान चार वेगवेगळ्या कुत्र्यांच्या दातांच्या खुणा होत्या.

दारात उमेदवाराबद्दल काय विचारायचं, याचंही एक वाक्य ठरलेलं होतं. माझ्या आधीच्या एजंटने ते मला शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने शिकवलं असणार. "नेहमीप्रमाणे आमच्यावर भरवसा ना?" एवढंच. माणूस हो म्हणाला की त्याच्या नावापुढे खूण करायची आणि पुढचं दार. मतदानाच्या दिवशी मग फक्त खुणा असलेल्यांच्याच दारी जायचं, चला, मत द्यायला चला म्हणून. ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीतून न्यायचं. विरोधकांच्या मतदारांना उगाच कोण आठवण करून देणार?

या सगळ्या वर्षांत माझ्या सगळ्यात जवळची उमेदवार होती मॉरीन. बुटकी, रुंद, मोठ्याने बोलणारी, आधी शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढणारी बाई. शाळेची नोकरी संपत आली तेव्हा तिने आमच्या वॉर्डातल्या कौन्सिलच्या हॉलमध्ये दर बुधवारी म्हाताऱ्या माणसांसाठी लंच क्लब सुरू केला. शाळेतलीच जुनी पातेली मागून आणली होती. मटणाचा खिमा आणि वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, सोबत वाटाणे, आणि नंतर कस्टर्ड. एकटी राहणारी माणसं आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या माणसासमोर बसून जेवावीत, एवढाच तिचा हेतू. त्यातूनच ती कौन्सिलर, म्हणजे नगरसेविका, झाली. त्याच हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींचा दीड दिवसाचा गणपतीही बसायचा. मॉरीन आरतीला यायची, टाळ्या ठेक्यात वाजवायची आणि प्रसादाचा शिरा दोनदा मागून घ्यायची.

आमचे विरोधक त्या काळात नावापुरते होते. निवडणुकीला कुणाला तरी उभं करायचे, पण तो उमेदवार मतमोजणीलासुद्धा यायचा नाही. मग दोन हजारच्या दशकात त्यांच्याकडे अँड्र्यू आला. घरं विकून देण्याचा व्यवसाय, चाळिशीचा, टाय न लावणारा. त्याचं एक पत्रक दर महिन्याला येऊ लागलं. त्यावर दरवेळी अँड्र्यू रस्त्यातल्या खड्ड्याशेजारी वाकून खड्ड्याकडे बोट दाखवतोय असा फोटो. आम्ही ऑफिसात तो फोटो भिंतीला लावून हसायचो. पुढच्या महिन्यात खड्डा बुजलेला असायचा, आणि खाली लिहिलेलं असायचं की बुजवून घेतला. तरी आम्ही हसतच होतो.

बुधवारी तो लंच क्लबला येऊन जेवायला लागला. सगळ्यांसारखेच पैसे द्यायचा, खुर्च्या मांडायचा, आणि राजकारणाचं एक अक्षरही काढायचा नाही. मॉरीनला तो आवडायचा. "बरा पोरगा आहे," ती म्हणाली. "वाटाणे संपवतो." मी तिला म्हटलं, "तो वाटाणे खायला येत नाहीये, मॉरीन." ती म्हणाली, "ते मलाही कळतं, डक. पण आपली माणसं कुठे येतात?" आमच्या नॉटिंगहॅमकडे प्रेमाने कुणालाही डक म्हणतात. मला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी रागावले होते.

आपली माणसं खरंच येत नव्हती. काही युद्धामुळे गेली. देशात तेव्हा सरकारही आमच्याच पक्षाचं होतं, त्याने दूरच्या वाळवंटात सैन्य पाठवलं, आणि ज्यांनी आयुष्यभर आमची पत्रकं वाटली ती माणसं पक्ष सोडून गेली. एका निवृत्त शिक्षकाने आपलं सदस्यत्वाचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "शीला, तुझ्यावर राग नाही. पण मी आता तुझ्या दारात येणार नाही." दारांवर युद्धाचा राग रोज ऐकायला मिळायचा. पण माझा अनुभव असा, की दारात उभं राहून भांडणारा माणूस बहुधा परत येतो. भांडायला येतो म्हणजे त्याला अजून आपल्याशी काहीतरी देणंघेणं आहे. जो गोड बोलून दार लावतो, त्याचं काही खरं नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं नाही. फक्त ते आपल्या वॉर्डालाही लागू आहे, हे डोक्यात आलं नव्हतं.

मग हॉलचं प्रकरण आलं. बरोला खर्च कमी करायचा होता आणि आमच्याच नेत्यांनी ठरवलं की तो हॉल विकून टाकायचा. तिथे फ्लॅट होणार होते. लंच क्लबचं काय, तर "पर्यायी व्यवस्था बघू." हे शब्द मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलेत की त्यांचा अर्थ मला झोपेतही सांगता येतो.

इथे तुम्हाला आमच्या पक्षाची एक रीत सांगायला हवी. सभेच्या आधी पक्षाचे सगळे कौन्सिलर बंद खोलीत बसतात. तिथे वाटेल ते बोला, ओरडा, टेबलावर मुठी आपटा. पण तिथे बहुमताने जे ठरेल, त्याच्या बाजूने बाहेर सभेत सगळ्यांनी हात वर करायचा. याला व्हिप म्हणतात. व्हिप मोडला तर पक्षातून बाहेर. बंद खोलीत मॉरीन हॉलसाठी भांडली, हे मला माहीत आहे, कारण मी त्या खोलीत कोपऱ्यात बसून होते. ती इतकी बोलली की तिचा आवाज बसला. मतं घेतली, ती हरली. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "काय करू?"

मी पक्षाची पगारी माणूस. पण त्या क्षणी मी एजंट म्हणून बोलले नाही. मी म्हटलं, "तुला वाटेल ते कर."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "शाळेच्या किचनमधून उचलून या पक्षाने मला खुर्चीत बसवलं, शीला. बाहेर पडले तर उद्या कुठल्याच हॉलसाठी भांडता यायचं नाही." आणि सभेत हॉल विकायच्या ठरावाला तिने हात वर केला. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत लंच क्लबची माणसं बसली होती. बंद खोलीतली मॉरीन त्यांना दिसली नव्हती. त्यांना फक्त तो हात दिसला.

विक्री निवडणुकीनंतर व्हायची होती, आणि त्या निवडणुकीत मॉरीनसमोर अँड्र्यूच उभा होता. अँड्र्यूच्या पुढच्या पत्रकात खड्डा नव्हता. हॉल होता, आणि खाली एक ओळ. आम्ही निवडून आलो तर हा विकणार नाही.

प्रचार सुरू झाला आणि मी नेहमीच्या दारांवर गेले. हॉलबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. "नेहमीप्रमाणे ना?" "हो, डक." "मॉरीनवर भरवसा ना?" "असं काय विचारतेस?" सबनीस काकूंकडे गेले. या काकू मुलाबरोबर इथे आलेल्या, आता एकट्या, बुधवारी लंच क्लबला आपला वेगळा डबा घेऊन जायच्या आणि सगळ्यांबरोबर बसून खायच्या. त्यांनी मला पोहे करून वाढले, वर खोबरं घातलं आणि म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात, शैला? तू म्हणशील तसं." मी खूण केली आणि पोहे संपवले.

सरळ बोलला तो एकटा निखिल. पुण्याचा सॉफ्टवेअरमधला मुलगा, कंपनीने व्हिसावर पाठवलेला, नव्या फ्लॅट्समध्ये बायको केतकीबरोबर राहायचा. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे व्हिसावर आलेल्या भारतीयांना इथे मतदान करता येतं, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून मी मुद्दाम अशा घरी जाते.

"काकू, सिरियसली? आम्हाला व्होट करता येतं?" तो म्हणाला. "मला वाटलं, सिटिझनशिप लागते."

मी त्याला सगळं समजावलं आणि सवयीने विचारलं, "मग नेहमीप्रमाणे आमच्यावर भरवसा ना?"

तो हसला. "नेहमीप्रमाणे काय, काकू? आम्ही लास्ट इयर तर आलो. आमचं नेहमीचं असं काही नाहीच ना इथे." मग जरा चुळबुळून म्हणाला, "अ‍ॅक्च्युअली, तो अँड्र्यू येऊन गेला. त्याने विचारलं, तुम्हाला इथे कशाचा त्रास होतो? आम्ही बसस्टॉपचं सांगितलं. केतकीला स्टेशनवरून येताना सगळा रस्ता चालत यावं लागतं, लाइट्स पण नाहीत. आता कौन्सिलची माणसं येऊन नव्या स्टॉपसाठी जागा मोजून गेलीत. सॉरी हं काकू, तुम्ही घरच्या आहात म्हणून खरं सांगतोय. बाहेरच्या कुणाला असं तोंडावर नसतं सांगितलं."

मी त्याच्यावर मनातून चिडले. म्हटलं, काल आलेलं पोर, त्याला काय कळतंय. पण बसस्टॉपपर्यंत चालत जाताना त्याचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. बाहेरच्या कुणाला असं तोंडावर नसतं सांगितलं. आपल्या नागपुरात दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय पाठवत नाहीत आणि नाही म्हणून तर मुळीच पाठवत नाहीत. तिकडच्या खाणकामगारांच्या बायकांचंही तसंच होतं. मी ज्या वाक्यात विचारत होते, त्या वाक्याला सभ्य माणसाजवळ एकच उत्तर होतं. साठ वर्षं आमचा पक्ष लोकांना विचारत नव्हता, लोकांकडून वदवून घेत होता.

कळलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही. मतदान दोन दिवसांवर आलं होतं. इतक्या दारांवर पुन्हा जाऊन मी काय विचारणार होते?

मतदानाचा गुरुवार. आमचं केंद्र प्राथमिक शाळेत होतं. शाळेला दोन फाटकं, एक रस्त्यावरचं आणि एक मागच्या गल्लीतलं. मॉरीन पुढच्या फाटकाशी छातीवर पक्षाच्या रंगाचं फितीचं फूल लावून उभी होती. तसं उभं राहायची रीत आहे. येणाऱ्याला नमस्कार करायचा, मत मागायचं नाही. मी आणि दोन कार्यकर्ते गाड्या घेऊन फिरत होतो. माझं काम त्या दिवशी जितकं चोख झालं तितकं कधीच झालं नव्हतं. खुणा असलेला एकही माणूस घरात राहिला नाही. ज्यांना जिना उतरवत नव्हता त्यांना आम्ही हाताला धरून उतरवलं. दुपारपर्यंत मी स्वतःवर फार खूश होते.

पहिल्यांदा हॅरल्ड म्हणाला. जुना खाणकामगार, छातीत खाणीतली धूळ, बोलताना शिट्टी वाजायची. शाळेजवळ आल्यावर म्हणाला, "मागच्या फाटकाने सोडतेस का, डक?" मला वाटलं, तिकडून पायऱ्या कमी असतील. मग दोघी बहिणींना आणलं, त्याही म्हणाल्या, मागून. पायऱ्या तर दोन्हीकडे सारख्याच होत्या.

त्यानंतर सबनीस काकूंना घेतलं. त्या ठेवणीतली रेशमी साडी नेसून, वर कोट घालून बसल्या होत्या. शाळेचं वळण आलं तशा म्हणाल्या, "शैला, गाडी मागून घे गं."

"का, काकू?"

"पुढे ती उभी आहे." काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज डबा घेऊन आली होती ती. तिला बघून मला नाही जमायचं. आणि बुधवार गेला तर मी जेवू कुणाबरोबर, सांग. तू रागावू नकोस. तुला दारात कसं नाही म्हणणार?"

मी गाडी मागच्या गल्लीत घेतली. त्यांना उतरवलं, हात धरून आत सोडलं. परत येऊन गाडीत बसले तेव्हा मला हॅरल्ड आठवला, त्या बहिणी आठवल्या. सकाळपासून मी मोठ्या कौतुकाने एकेकाला उचलून आणत होते, आणि ती मतं मॉरीनच्या विरोधात टाकली जात होती. माझ्या गाडीशिवाय त्यांतली निम्मी माणसं केंद्रापर्यंत आलीच नसती.

मी पुढच्या फाटकाशी गेले, मॉरीनला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तिने थर्मासमधला चहा प्यायला. तिला धक्का बसला असं मला मुळीच दिसलं नाही.

"सकाळपासून माझ्या क्लबमधलं एकही माणूस या फाटकाने आलं नाही," ती म्हणाली. "मला काय दिसत नाही?"

"मग मी गाड्या थांबवते. सगळ्यांना सांगते, थांबवा. चुकीचं काही नाही त्यात, मॉरीन. कुणाला मत देण्यापासून अडवायचं नाहीये. फक्त आणायला जायचं नाही."

"आता कोण राहिलंय?"

"डॉरिस."

डॉरिस म्हणजे क्लबची सगळ्यात म्हातारी बाई. हातात चालायची चौकट, म्हणजे वॉकर, आणि घर टेकडीवर.

"डॉरिसने जेवण झाल्यापासून कोट घालून ठेवला असेल," मॉरीन म्हणाली. "खिडकीत बसली असेल, तुझी गाडी दिसते का बघत. जा, घेऊन ये तिला."

"ती कुणाला मत देणार, तुला माहीत आहे."

"मला डॉरिस माहीत आहे, शीला. तिला मी हो सांगितलंय, गाडी येईल म्हणून. आणि हे बघ, पुढच्या फाटकाशी नको आणूस. चौकट घेऊन माझ्यासमोरून जायची शिक्षा कशाला तिला?"

मी वाद घातला. एजंट म्हणून जे जे सांगता येईल ते सांगितलं. एका वॉर्डावर आख्खा बरो जाऊ शकतो, हेही सांगितलं. ती ऐकत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान लववत होती. शेवटी म्हणाली, "तू नाही गेलीस तर मी जाते. आणि माझी गाडी तर तुला माहीतच आहे, टेकडीवर बंद पडते." मी गेले. डॉरिस खरंच कोट घालून खिडकीत बसली होती. तिला मागच्या फाटकाने आत नेलं. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. एका हाताने गाडी चालवत मी तिला टेकडीवर पोचवलं.

शुक्रवारी सकाळी मतमोजणी. कौन्सिलच्या क्रीडागृहात लांब टेबलं मांडतात, मोजणारे एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला उभे. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. मतपत्रिका उलगडताना कोणत्या नावापुढे फुली आहे ते दिसतं, आणि मुरलेल्या एजंटला थोड्याच वेळात निकाल कळतो. मला कळला. मॉरीन हरली, आणि काल मी माझ्या गाडीतून जितकी माणसं आणली होती त्याहून कमी मतांनी हरली. शेजारच्या दोन वॉर्डांचेही निकाल तसेच लागले. तिथले एजंट माझ्याजवळ येऊन म्हणाले, "असं कसं झालं? आपली माणसं तर झाडून सगळी आली होती." मी म्हटलं, "हो ना. सगळी आली होती." दुपारच्या जेवणाच्या आत महायुद्धानंतर कधी न गेलेला बरो आमच्या हातातून गेला.

वर्तमानपत्रांनी कारणं दिली. युद्ध, महागाई, लोकांना बदल हवा होता. ती खोटी नव्हती. पण मला माझ्यापुरतं कारण माहीत होतं. आमच्याच माणसांना आणि आमच्याच कौन्सिलरला एकच गोष्ट हवी होती, आणि त्या गोष्टीला मत देता येईल अशी जागा आमच्या पक्षात नव्हती. ती समोरच्याने करून दिली. माझी चिडचिड झाली ती यावर, की साठ वर्षांत जमवलेलं सगळं आम्ही बाहेरच्या कुणी हिसकावून न घेता, बंद खोलीत बसून घालवलं.

हरलेल्या उमेदवाराने आभाराचं भाषण करायचं असतं. मॉरीनने मोजणाऱ्यांचे आभार मानले, पोलिसांचे मानले, अँड्र्यूचा हात हातात घेतला आणि माइकमध्येच म्हणाली, "हॉलचं बोललायस ते विसरू नकोस." आमचे लोक चपापले. अँड्र्यू लाल झाला.

तो विसरला नाही. हे इथे लिहिताना आजही माझी लेखणी जरा अडखळते, पण खरं ते लिहायला हवं. नव्या कौन्सिलच्या पहिल्या महत्त्वाच्या सभेत हॉल न विकण्याचा ठराव आला. मॉरीन मला म्हणाली, "चल, बघायला जाऊ." आम्ही वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. पुढच्या रांगेत हॅरल्ड, डॉरिस, सबनीस काकू. मॉरीनला बघून डॉरिसने आपली चौकट जरा सरकवली आणि मॉरीन तिच्या शेजारी जाऊन बसली, मी तिच्या पलीकडे.

खाली आमचे उरलेले कौन्सिलर विरोधी बाकांवर बसले होते. बंद खोलीत ठरलं होतं की या ठरावावर तटस्थ राहायचं. मला माहीत होतं, कारण त्या खोलीत अजूनही मीच कोपऱ्यात बसत होते. अँड्र्यूने ठराव मांडला. समोरच्या बाकांवरचे हात वर गेले. आमच्या बाकांवर एकही हात हलला नाही. ठराव मंजूर झाला.

गॅलरीत टाळ्या सुरू झाल्या. मॉरीन उभी राहून टाळ्या वाजवत होती, गणपतीच्या आरतीत वाजवायची तशा, मनापासून. मी बसून होते. माझा पगार ज्या पक्षाकडून येत होता तो खाली हात बांधून बसला होता, आणि त्याचा नेता मान वर करून आमच्याकडेच बघत होता.

मॉरीनने माझा दंड धरला. "ऊठ, शीला," ती म्हणाली. "आपण जिंकलो."

मी उठले. नेत्याला नीट दिसावं म्हणून कठड्याशी गेले, आणि हात उंच करून टाळ्या वाजवल्या.